हरल्यानंतरचा डाव

2003 सालचा मे महिना. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा शेवटाकडे आली होती. 839 खेळाडूंपैकी दहा उरले होते आणि आणखी एक जण बाद झाला की नऊ जणांचं अंतिम टेबल बसणार होतं. एका बाजूला फिल आयव्ही होता. विशीतच त्याच्या नावावर या मालिकेतली चार विजेतेपदं जमा होती. समोर टेनेसीतला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर होता. दहा हजार डॉलर प्रवेश फी असलेल्या या स्पर्धेत तो ऑनलाइन पात्रता फेरी जिंकून आला होता आणि त्या फेरीसाठी त्याने शंभर डॉलरही भरले नव्हते.

खेळ टेक्सास होल्डेम. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. त्यातले तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप. चौथा टर्न, पाचवा रिव्हर. सातांतले उत्तम पाच ज्याचे, पॉट म्हणजे लावलेला सगळा पैसा त्याचा. मनीमेकरकडे एक्का-राणी होती, आयव्हीकडे नव्वीची जोडी. फ्लॉपला राणी, राणी, छक्की आली. मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या. मग टर्नला नव्वी पडली आणि तीन नव्व्या, दोन राण्या मिळून आयव्हीचं फुल हाऊस झालं. आयव्हीने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, मनीमेकरने तेवढ्याच लावून कॉल केला आणि पत्ते उघडे झाले. न दिसलेल्या 44 पत्त्यांपैकी मनीमेकरला वाचवणारे सातच होते: तीन एक्के, एक राणी, तीन छक्क्या. म्हणजे शंभरात सोळा.

रिव्हरला एक्का आला. आयव्ही उठला आणि बाहेर पडला. मनीमेकर पंचवीस लाख डॉलर घेऊन विजेता ठरला आणि जगभर पोकरची लाट उसळली.

आयव्हीच्या दुर्दैवाचा नमुना म्हणून हा डाव आजही सांगितला जातो. पण तो पुन्हा सुरुवातीपासून पाहावा. पत्ते वाटले तेव्हा नव्व्या किंचित पुढे होत्या. फ्लॉप पडल्यावर आयव्ही इतका मागे गेला की त्याला तारणाऱ्या गड्डीत दोनच नव्व्या उरल्या. त्यातली एक टर्नला आली, म्हणजे त्या क्षणी अभागी ठरला होता मनीमेकर. एका पत्त्याने ते पारडं पुन्हा उलटलं. दैव दोघांवरही फिरलं, पण लक्षात राहतो तो शेवटचा पत्ता.

मांडवीवरचं टेबल

दैवाचा हा खेळ पाहायचा तर मराठी माणसाला वेगास गाठावं लागत नाही. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं नांगरलेली आहेत. धक्क्यावरून छोट्या बोटी माणसांची ने-आण करतात आणि संध्याकाळनंतर त्यांच्या फेऱ्या वाढतात. राज्याच्या 1976 च्या जुगारविरोधी कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि नंतर जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली. 2020 पासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. त्यामुळे पोकरच्या टेबलाभोवती बसलेली माणसं मुंबई-पुण्याची, बंगळुरूची, दिल्लीची, गुजरातेतली.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पोकरबाझी, अड्डा52 यांसारख्या मंचांवरची पैशांची टेबलं बंद झाली. रात्री घरी बसून मोबाईलवर चार टेबलं एकदम खेळणाऱ्यांपुढे कायदेशीर वाट म्हणून गोव्यासारखी मोजकी ठिकाणं उरली.

प्रत्यक्ष टेबलाची गती फार वेगळी असते. आठ-नऊ जण बसतात. डीलर पिसतो, वाटतो, पॉट मोजतो, कॅसिनोचा वाटा म्हणजे रेक काढून घेतो आणि उरलेल्या चिप्स विजेत्याकडे ढकलतो. तासाभरात साधारण तीस डाव होतात. ऑनलाइन तेवढे डाव काही मिनिटांत होत असत. इथे एक मोठा डाव हरला की पुढचा चांगला हात येईपर्यंत अर्धा तास, कधी दोन तास, त्याच खुर्चीत बसावं लागतं. समोर आपल्याच चिप्सची चळत रचून जिंकलेला माणूस बसलेला असतो. शिवाय बऱ्याच पॅकेजमध्ये खाण्यापिण्याचा खर्च तिकिटातच धरलेला असतो, त्यामुळे हातातला ग्लास रिकामा राहत नाही.

मधल्या सुट्टीत कानावर पडणाऱ्या गोष्टी एकाच साच्याच्या असतात. “माझ्याकडे एक्क्यांची जोडी. प्री-फ्लॉप रेझ केलं. हा शहाणा सात-आठ घेऊन आला. रिव्हरला लागली त्याची!” सांगणारा स्वतःचे पत्ते आणि शेवटचा पत्ता अचूक सांगतो. मधल्या दोन पत्त्यांच्या वेळी त्याने किती पैसे लावले, समोरच्याला पुढचा पत्ता किती स्वस्तात दाखवला, हे गोष्टीत बहुतेकदा येतच नाही. नेमकी तीच माहिती कामाची असते.

दुर्दैव म्हणजे नेमकं कुठलं

सराईत खेळाडू मोठ्या पराभवांचे निदान तीन प्रकार करतात. पैसे लागले तेव्हा आपण स्पष्ट पुढे होतो आणि नंतरच्या पत्त्याने हरलो, तर तो बॅड बीट. आपला हात जबरदस्त, पण समोरच्याचा त्याहून जबरदस्त आणि सुटायला वाट नव्हती, तर तो कूलर. तिसऱ्याला परिभाषेतलं खास नाव नाही. ती आपलीच चूक असते आणि घरी जाताना तिला पहिल्या दोनपैकी एक नाव दिलं जातं.

2008 च्या वर्ल्ड सिरीजमधला एक डाव या भेदासाठी उत्तम आहे. जपानच्या मोतोयुकी माबुचीकडे एक्क्यांची जोडी होती आणि फ्लॉपला तिसरा एक्का आणि चौकटची राणी आली. जस्टिन फिलिप्सकडे चौकटचा राजा आणि चौकटचा गुलाम होता. टर्नला चौकटची दश्शी पडली. रिव्हरला चौकटचा एक्का आला आणि माबुचीचे चार एक्के झाले. त्याच पत्त्याने फिलिप्सचा रॉयल फ्लश, म्हणजे पोकरमधला सर्वोच्च हात, पूर्ण झाला. दूरचित्रवाणीवर हा डाव इतिहासातला सर्वांत क्रूर बॅड बीट म्हणून गाजला. प्रत्यक्षात फिलिप्सची ओळीतल्या पाच पत्त्यांची सिक्वेन्स टर्नलाच जुळली होती. रिव्हरपूर्वीच माबुची मागे पडला होता. चार एक्के हातात असताना कुणीही पत्ते टाकून फोल्ड करत नाही, करूही नये. तो कूलर होता. अशा डावातून सुधारण्यासारखं काही हाती लागत नाही, म्हणून त्यावर रात्र जागवण्यातही अर्थ नसतो.

निखळ दुर्दैव पाहायचं तर 2014 चा डाव आहे. दहा लाख डॉलर प्रवेश फीच्या ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ स्पर्धेत कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ या दोघांकडेही एक्क्यांची जोडी होती. सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. अशा वेळी पॉट निम्मा-निम्मा वाटला जाण्याची शक्यता शंभरात जवळजवळ शहाण्णव असते. टेबलावर बदामचे चार पत्ते आले, कॅट्झकडच्या बदामच्या एक्क्याने एकाच चिन्हाचे पाच पत्ते म्हणजे फ्लश झाला आणि ड्रिनन स्पर्धेबाहेर गेला. यात टाळण्यासारखं काहीच नव्हतं.

एक्के आणि गर्दी

टाळता येण्यासारखं बरंच काही असतं, आणि त्याची सुरुवात एक्क्यांच्या जोडीपासून होते. ती 221 डावांत सरासरी एकदा मिळते. इतकी वाट पाहून मिळालेले पत्ते वाया जाऊ नयेत म्हणून नवखा खेळाडू ते लपवतो. मोठी रक्कम लावत नाही आणि जास्तीत जास्त लोकांना डावात येऊ देतो. एका अनोळखी हाताविरुद्ध ही जोडी शंभरात 85 वेळा जिंकते. दोघांविरुद्ध 73, तिघांविरुद्ध 64, चौघांविरुद्ध 56. टेबलावरच्या आठही जणांनी शेवटपर्यंत पत्ते पाहिले तर 35. चार जणांना स्वस्तात आत घेऊन मग एक्के फुटले म्हणून कपाळाला हात लावणाऱ्याने गर्दी स्वतःच जमवलेली असते. पत्ते हाती आल्याबरोबर दमदार रेझ केला, म्हणजे रक्कम चांगली वाढवली, तर एक-दोघेच उरतात आणि शक्यता पुन्हा आपल्या बाजूला झुकते.

दुसरी सवय पत्त्याची किंमत लावण्याची. समजा, टर्न पडला आहे, पॉटमध्ये दहा हजार रुपये आहेत आणि समोरच्याला फ्लशसाठी एक पत्ता हवा आहे. त्याच्या उपयोगाचे नऊ पत्ते उरले आहेत, म्हणजे साधारण पाचात एक शक्यता. आपण घाबरत घाबरत एक हजार लावले तर त्याला एक हजार देऊन अकरा हजार मिळवायची संधी मिळते. बारात एकदा जिंकला तरी त्याचा खर्च निघतो, त्यामुळे त्याने कॉल करणं बरोबर ठरतं. आपण दहा हजार लावले तर दहा देऊन वीस मिळवण्यासाठी त्याला तीनात एकदा जिंकावं लागतं. पाचात एक शक्यता असलेल्याने असा कॉल केला तर ती त्याची चूक. फ्लश दोन्ही वेळी तेवढ्याच वारंवारतेने लागेल. पहिल्या वेळी मात्र तो आपण विकत दिलेला असतो.

टेबलावर बसून ही गणितं करायला सोपी युक्ती आहे. आपल्याला हवे असलेले पत्ते मोजायचे. दोन पत्ते यायचे असतील तर चारने गुणायचं, एकच यायचा असेल तर दोनने. उत्तर ढोबळ असतं, पण निर्णयाला पुरतं.

मात्र बॅड बीट पूर्णपणे टाळण्याचा हट्ट धरला तर तोही महागात पडतो. समोरचा चुकीचा कॉल करतो तेव्हाच आपल्याला पैसा मिळतो. फक्त दोन पत्त्यांवर भिस्त ठेवून रिव्हरपर्यंत पैसे भरणारा माणूस 22 वेळांत सरासरी एकदा जिंकतो आणि 21 वेळा पैसे देऊन जातो. त्या एका वेळी त्याच्यावर खेकसणं, “असे पत्ते कुणी खेळतं का?” म्हणून त्याला शिकवणं, हा टेबलावरचा सर्वांत खर्चिक राग. तो उठून गेला किंवा नीट खेळायला लागला तर नुकसान शिकवणाऱ्याचंच. ज्याला कधीच बॅड बीट बसत नाही, तो बहुधा फारच भित्रेपणाने खेळत असतो.

दुसरं नुकसान

आता मुख्य गोष्ट. दुर्दैवी डावात गेलेली रक्कम बहुतेक वेळा माणसाला बुडवत नाही. बुडवते ती त्यानंतरच्या तासाभरात गेलेली रक्कम.

पोकरच्या भाषेत हरल्यावर मनाचा तोल जाण्याला टिल्ट म्हणतात. लक्षणं बाहेरूनही दिसतात. एरवी दहात दोन डाव खेळणारा माणूस सहा खेळू लागतो. चिप्स ठेवण्याऐवजी फेकतो. ज्याने हरवलं त्याच्याच प्रत्येक डावात शिरतो. खिशातून आणखी पैसे काढून चिप्स घेतो, आणि त्या आधीपेक्षा जास्त घेतो. मानसिक प्रशिक्षक जॅरेड टेंडलर यांनी 2011 च्या ‘द मेंटल गेम ऑफ पोकर’ या पुस्तकात टिल्टचे सात प्रकार मांडले. आपल्यावरच अन्याय होतो असं वाटणाऱ्याचा टिल्ट वेगळा, सूड घ्यायला निघालेल्याचा वेगळा, ‘मी चांगला खेळतो, मला जिंकण्याचा हक्क आहे’ असं मानणाऱ्याचा वेगळा. याचा उपयोग असा की ‘शांत राहा’ या सल्ल्यापलीकडे जाता येतं. अन्यायाची भावना असणाऱ्याला स्वतःच्या नशिबाने जिंकलेल्या डावांची नोंद ठेवायला सांगता येते. त्या नोंदी सहसा कुणीच ठेवत नाही.

माणूस हरल्यावर धाडसी का होतो, याचं उत्तर अर्थशास्त्राने दिलेलं आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेला प्रॉस्पेक्ट सिद्धान्त सांगतो की तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोट्याचा सल अधिक खोल असतो. तोटा ज्याने मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी कधी घेणार नाही असे धोके घेतो, हेही त्यांनी त्याच लेखात नोंदवलं आहे. रात्री दोन वाजता ‘मुद्दल निघालं की उठतो’ म्हणणारा माणूस नेमका तिथे उभा असतो. त्याच्या लेखी आजचा हिशेब अजून चालू आहे, म्हणून हातातले पत्ते कितीही भिकार असले तरी ते त्याला संधी वाटतात. पत्त्यांना मात्र मागच्या डावाची आठवण नसते.

मानसशास्त्रज्ञ आणि लेखिका मारिया कोनिकोवा यांनी काही वर्षं पोकर शिकून ‘द बिगेस्ट ब्लफ’ हे पुस्तक 2020 मध्ये लिहिलं. त्यांचे गुरू होते एरिक सायडेल, चार दशकं या खेळात टिकलेला शांत माणूस. शिष्या दुर्दैवाची कहाणी सांगू लागली की ते ऐकून घेत नसत. डाव कसा खेळलीस ते सांग, निकाल सांगू नकोस, असा त्यांचा आग्रह असे. हा कठोरपणा वाटेल, पण त्यामागे जाणकारी आहे. कहाणी प्रत्येक वेळी सांगताना सांगणारा अधिकाधिक अभागी आणि निर्दोष होत जातो. असा निर्दोष माणूस पुढच्या वेळी तीच चूक करायला मोकळा असतो.

टेबलावरचे सावध खेळाडू जे करतात ते अगदी साधं आहे. मोठा डाव हरल्यावर पुढचे काही डाव पत्ते न खेळता टाकून देतात किंवा उठून डेकवर जाऊन येतात. बसण्यापूर्वीच आज जास्तीत जास्त किती हरायचं ते ठरवतात आणि तेवढेच पैसे जवळ ठेवतात. कार्ड खोलीवर राहतं. दारू नाही. उठायची वेळ आधी ठरलेली असते, कारण थकलेल्या मेंदूला स्वतःचा थकवा कळत नाही. आणि ते डाव लिहून ठेवतात: पैसे केव्हा लागले, त्या क्षणी कोण पुढे होतं, दुसरं काही करता आलं असतं का.

नळाने झाड का तोडलं

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. बेहड्याच्या फळांच्या फाशांनी घर आणि बायको दुरावलेल्या माणसाची ती व्यथा आहे. फासे सोडायचं ठरवूनही त्यांचा आवाज आला की त्याचे पाय तिकडे वळतात. हरल्यानंतरच्या मनाचं इतकं जुनं आणि इतकं अचूक वर्णन क्वचितच सापडेल.

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी राज्य हरलेल्या युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात. पुष्कराबरोबर फासे खेळताना नळ हरत गेला. प्रजा आणि दमयंती विनवत राहिली, तरी तो उठला नाही. राज्य गेल्यावर पुष्कराने दमयंतीला पणाला लावायला सुचवलं. तिथे नळ थांबला आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडला. पुढे तो बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत राजाने बेहड्याच्या एका झाडावरची पानं आणि फळं नुसत्या नजरेने मोजून दाखवली. नळाने रथ थांबवला, झाड तोडलं आणि राजाला घाई असतानाही फळं मोजून पाहिली. आकडा जुळला. मग त्याने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय म्हणजे फाशांचं मर्म शिकून घेतलं आणि त्या बदल्यात त्याला अश्वविद्या दिली. संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंगसारख्या अभ्यासकालाही या प्रसंगाची दखल घ्यावीशी वाटली. हरून आलेला नळ दैवाला बोल लावत बसला नाही. तो फळं मोजायला खाली उतरला. डाव वहीत लिहिणारे खेळाडू त्याच वाटेने जातात.

खिशाचं माप

कौशल्य शेवटी जिंकतं, असं पोकरमध्ये म्हणतात. तो शेवट किती लांब आहे, हे मात्र मोजून पाहावं. राजांच्या जोडीविरुद्ध एक्क्यांची जोडी शंभरात 82 वेळा जिंकते. तरीही लागोपाठ दोनदा हरण्याची शक्यता साधारण 31 मध्ये एक. ज्याच्यावर ती वेळ येते त्याला जग उलटं झाल्यासारखं वाटतं, पण दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या टेबलावर ते घडतंच. स्वतःच्या खेळाबद्दल काही खात्रीने म्हणायला एक लाख डाव तरी हवेत, असं गंभीर खेळाडू मानतात. तासाला तीस डाव, आठ तासांची एक बैठक, आठवड्याला एक बैठक, या हिशेबाने त्याला आठ वर्षं लागतात. एका शनिवारच्या निकालावरून स्वतःला चांगला किंवा वाईट खेळाडू ठरवणं म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणं.

म्हणून बँकरोलचा नियम. टेबलावर एका वेळी जेवढे घेऊन बसायचं त्याच्या निदान वीस-तीस पट रक्कम पोकरसाठी वेगळी काढलेली असावी. स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी ती शंभर पटीपर्यंत जाते, कारण तिथे बहुतेक वेळा रिकाम्या हातानेच उठावं लागतं. ही रक्कम घरभाड्याची, मुलांच्या फीची किंवा उसनी नसावी. ती आटली की खालच्या टेबलावर जायचं. दुर्दैव सोसायची खरी ताकद या पैशात असते. मनाची शांतीही बरीचशी तिथूनच येते.

ऑल-इन झाल्यावर, म्हणजे सगळ्या चिप्स लागल्यावर, दोघांच्या संमतीने उरलेले पत्ते दोनदा उघडून पॉट निम्मा-निम्मा खेळायची पद्धत अनेक रोख टेबलांवर आहे. तिला ‘रन इट ट्वाइस’ म्हणतात. त्याने सरासरी मिळकत बदलत नाही, फक्त झोके कमी होतात. काही पोकर रूममध्ये बॅड बीट जॅकपॉट असतो. प्रत्येक पॉटमधून थोडी रक्कम बाजूला काढतात आणि कुणाचा फार मोठा हात हरला तर ती वाटतात. 2022 मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत चार एक्के रॉयल फ्लशपुढे हरले आणि हरणाऱ्याच्या वाट्याला चार लाख नव्वद हजारांहून अधिक डॉलर आले. ऐकायला छान वाटतं, पण तो जॅकपॉट सगळ्या खेळाडूंच्याच पॉटमधून जमलेला असतो.

भारतीय खेळाडूचं गणित आणखी कठीण आहे. रेक प्रत्येक पॉटमधून जातो. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि त्यावर उपकर लागतो. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. दहा बैठकांत सहा जिंकून चार हरलेल्या माणसाला कागदावर नफा दिसेल आणि खिशात तोटा असेल. उत्पन्नाचं साधन म्हणून पोकरकडे पाहणाऱ्या तरुणांना कुणीतरी हा हिशेब शांतपणे मांडून दाखवायला हवा.

आणि काही माणसांसाठी वरचा एकही उपाय पुरेसा नसतो. ठरवलेली मर्यादा पुन्हा पुन्हा मोडणं, घरी रक्कम लपवणं, हरलेलं भरून काढायला कर्ज काढणं, न खेळता राहिल्यास चिडचिड होणं, ही टिल्टच्या पलीकडची लक्षणं आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 पासून जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच गटात ठेवलं आहे. त्यावर उपचार होतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. फोन खेळणाऱ्यानेच करावा असं नाही. आई, बायको, भाऊ यांपैकी कुणीही तो करू शकतं.